कळ

ताकुआरेम्बोच्या उत्तरेला, निलगिरीच्या रांगेपाठी,
दार्दो बेंतांकोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी एकोणीस वर्षांचा, आणि माझं काम एकच:
तो म्हणेल तेव्हा पाय दाबायचा,
म्हणेल तेव्हा सोडायचा.

गाडी निबिया लार्रोसाची. पेजो चारशेचार, सदुसष्टची,
रंग एके काळी पिस्त्याचा.
एकतीस वर्षं सुईणपण केलं तिने या गाडीतून,
लाल मातीच्या रस्त्यांवर, रात्री-अपरात्री.
मागच्या सीटवर तीन मुलं जन्मली. दोन जगली.
हे ती सांगत नाही. दार्दो सांगतो,
ती येर्बाचा भोपळा घेऊन बाहेर उन्हात बसली की.

जुना क्लच जळाला, म्हणून नवा रोसारियोहून आला,
बसच्या टपावरून, नदी ओलांडून,
खोक्यात वर्तमानपत्रं कोंबलेली.
मूळ कंपनीचा कुठला मिळायला!
"अगदी तसाच," दुकानदार फोनवर म्हणाला होता.
तसाच म्हणजे कसा,
ते आम्ही चार दिवस शोधत होतो.

पेडल नुसतंच खाली जायचं
दुधात बुडवलेल्या पावासारखं,
मग पत्र्याला टेकता टेकता त्याला जाग यायची.
पहिला गिअर दातओठ खात पडायचा.
रिव्हर्स अडूनच बसायचा.

दाब. सोड. दाब. धर.
धर म्हटलं ना!
धरलं. पोटरीत गोळा आला.

"हवा आहे," दार्दो, सकाळी.
"हवा नाही," दार्दो, दुपारी.
मास्टर सिलिंडरची रबरं बदलली,
सळईला अर्धा आटा दिला, परत घेतला,
रोसारियोच्या दुकानदाराची आई काढली,
आजीपर्यंत पोचला,
आणि रिकाम्या खोक्यावर बसून राहिला
तेलकट हात गुडघ्यांवर उताणे टाकून.

चौथ्या दिवशी निबिया आत आली.
"कळ कुठून येते, ते पाहिलंत?"
दार्दो काही बोलला नाही.
तिने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं,
बॉनेटखाली वाकली, मग गाडीखाली शिरली,
साठ पार केलेली बाई, फाटक्या गोणपाटावर पाठ टेकून.
"दाब रे पोरा. हळू. घाईने ती घाबरते."

दोन बोटांत धरली तिने
खालच्या सिलिंडरकडे जाणारी रबरी नळी.
डोळे मिटलेले असणार. मला दिसत नव्हते,
पण आवाज मिटल्या डोळ्यांचा होता.
"पुन्हा."
"पुन्हा."
"इथे फुगतेय."

चार दिवस मी दिलेलं बळ
क्लचपर्यंत पोचलंच नव्हतं.
वाटेतच नळी आपलं पोट भरून घेत होती.
दार्दोने हात लावला. त्याला काही लागेना.
दुसऱ्यांदा लावला, तेव्हा मान हलवली.
"असू दे," ती म्हणाली, "मला पण पहिल्या वर्षी कळायचं नाही."

नवी नळी बसली. पेडल ताठ उभं राहिलं.
ती आत बसली, दाबलं,
आणि चेहरा असा झाला
की कुणी दुसऱ्याचंच बाळ हातात दिलंय.
"हे माझं नाही."

दार्दोने समजावलं:
जुन्यात स्प्रिंगांचा फेर होता, शेवटपर्यंत सारखा ढकलणारा.
यात पाकळ्यांची एकच चकती आहे.
आधी हट्ट करते, निम्म्यावर गेलं की एकदम ऐकते.
बिघाड नाही, बाई. स्वभाव आहे.

"स्वभाव," ती पुटपुटली,
आणि दहा-बारा वेळा दाबून पाहिलं,
निम्म्यापर्यंत, निम्म्याच्या पुढे,
परत निम्म्यापर्यंत.

अंगणात गाडी दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा उडी मारून सुटली, कुत्रं जेमतेम वाचलं.
दार्दो पैसे मागायला विसरला
आणि संध्याकाळभर त्यावरून माझ्यावर चिडला.

त्या रात्री झोपेत माझा डावा पाय
चादर दाबत होता, सोडत होता.
अजूनही कुणी "धर" म्हणालं
की आधी पोटरीला कळतं.