डब्यातलं हवामान

कॅमेऱ्यातच सगळे गेले.
दोन दिवाळ्यांचा बोनस, भिशीचा नंबर
आणि एक पाटली, जिच्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय.
उरले तीन हजार दोनशे.
ते रुमालात बांधून हर्णैहून दापोलीला निघाले
दहाच्या एस्टीने, यादी घेऊन.

यादी मोबाइल बघून बघून वाढलेली.
लग्नाच्या याद्या अशाच वाढतात,
एकाला बोलावलं की त्याचा चुलता.

दाऊद पेवेकरांनी ती वाचलीच नाही.
विचारलं, घर किनाऱ्यापासून किती?
म्हटलं, उधाणाला अंगणाचा गडगा भिजतो.
आणि नोकरी?
बर्फाच्या कारखान्यात. हिशेब लिहिते.
'म्हणजे एका दारात गारठा, दुसऱ्यात खार.
बाय, तुला दुकान नको, वैद्य पाहिजे.'

मग कपाटातून एक जुनी जड लेन्स काढून
उजेडाकडे धरायला लावली.
आत, काचेच्या पोटात, पांढरी मुळं पसरलेली,
अढीत विसरलेल्या आंब्यावर येते तशी बुरशी.
'वडिलांची. शेवटची सात वर्षं
यातूनच काढली तालुक्याची लग्नं.
नवऱ्यामुली धुक्यात बसल्यासारख्या यायच्या.
लोक म्हणायचे, काय हात आहे!'

त्यानंतर भाव करणं जड गेलं.

एक जादा बॅटरी घेतली.
याला आरसा नाही, हा दिवसभर विजेवर बघतो,
नुसता डोळा उघडा ठेवायचेही पैसे पडतात.
एक साधा फिल्टर. खार आधी त्याला खाऊ दे.
रबरी फुंकणी, कारण तोंडाने फुंकर घालायची नाही,
'तोंडात पण समुद्रच असतो.'
कार्डं दोन, छोटी. एकच मोठं बुडालं तर काय होतं
ते हर्णैकरांना सांगायला नको.
आणि सिलिका जेलचे निळे मणी, पाव किलो.
डबा घरचा घे म्हणाले, रबराच्या झाकणाचा.

ट्रायपॉडवर हात ठेवला तर म्हणाले, नंतर.
वाळूत एक पाय नेहमी खोल जातो.
बॅग मीच सोडली.
ती काळी बॅग घेऊन लिलावात उभी राहिले
तर पर्यटक समजून सुरमईचा भाव दुप्पट सांगतील,
मला, जिच्या वहीत त्यांच्या बर्फाची उधारी आहे!
बाजाराची पिशवी पुरे. पट्टा पावशांच्या काशिनाथने
जाळ्याच्या दोरीचा विणून दिला,
भिजली की आवळते अशी गाठ मारून.

डब्यावरून मात्र वाद झाला.
तसल्या झाकणाचा एकच, त्यात कुळथाचं पीठ.
'तुझ्या यंत्राला डबा, आणि पीठ काय उघड्यावर?'
दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी
डबा धुऊन उन्हात पालथा घातलेला दिसला.

मणी ओल पितात आणि गुलाबी होतात.
मग भाजायचे, मंद आचेवर, पुन्हा निळे होईस्तोवर.
तवा वेगळा, खायचा नव्हे.
हे काम आईने न सांगता स्वतःकडे घेतलं.

काल कारखान्यातून बाहेर आले, चष्म्यावर धुकं.
कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला,
अर्धा तास त्याला बाहेरच्या हवेची ओळख होऊ द्यायची.
तोवर लिलाव उठला,
सुवर्णदुर्गामागचं तांबडंही गेलं.
एक फोटो नाही.

घरी आई तव्यावर वाकलेली.
'गुलाबी झालेत गं. हवा बिघडणार.'
पहिला फोटो तोच घेतला,
पाट्यावर कॅमेरा टेकवून, चुलीच्या उजेडात.
तवा, मणी, मणी हलवणारा हात.
मनगटाशी कातडीचा एक फिकट पट्टा,
पाटलीच्या रुंदीचा.

यंत्र चांगलं आहे. सगळं टिपतं.