आठशे रुपयांची थंडी

भिशी लागली, अठरा हजार.
काझाला जायचे सतरा हजार दोनशे.
थंडीसाठी उरले आठशे.

टूरवाल्या पोरानं यादी धाडली मोबाइलवर:
थर्मल दोन जोड, अस्तराचं जॅकेट,
हातमोजे, कानटोपी, लोकरीचे मोजे.
शेवटी बारीक अक्षरात, रात्री उणे आठ.
उणे आठ म्हणजे किती,
भिशीतल्या अकरा जणींत एकीला सांगता येईना.
शकुंतला बारटक्के म्हणाली, महाबळेश्वरपेक्षा जास्त.
एवढ्यावर विषय मिटला.

एप्रिलचा शेवटचा रविवार, जुना बाजार.
पाने, बिजागऱ्या, एकेकटे बूट,
उन्हात हात लावता येत नव्हता लोखंडाला.
"स्वेटर?" ताहेरभाईनं असं पाहिलं
जसा मी जूनमध्ये तिळगूळ मागितला.
मग गोणीत खांद्यापर्यंत हात घालून
तळातून ओढून काढलं एक निळं जॅकेट,
डांबरगोळ्यांचा वास आधी बाहेर आला, मागून बाह्या.

बावीस वर्षं साड्यांना फॉल लावते,
कापड मला कळतं.
उलटं करून शिवण पाहिली. दुहेरी टीप, चेन चांगली.
सातशे म्हणाला, मी तीनशे,
साडेचारशेला तुटलं, कानटोपी वर.
घालून पाहिलं भर दुपारी,
घाम हनुवटीवरून चेनवर.
"उबदार आहे ना?"
"ताई, आत्ता इथं गोणपाटपण उबदार आहे.
खरंखोटं तिकडं कळंल."

तिकडं कळून काय उपयोग?
मी गुलटेकडीची बस धरली.

अंकुशदाजी मार्केट यार्डात कोल्ड स्टोरेजला आहेत.
आधी म्हणाले, डोकं फिरलंय का,
मग इकडंतिकडं बघून किल्ल्या घेतल्या.
पहिली खोली सफरचंदांची, दोन अंश.
खोक्यांवर शिक्का, किन्नौर.
म्हणजे हे इकडं आलेत, मी तिकडं निघालेय,
नुसत्या कागदात गुंडाळून आलेत बिचारे.
दुसरी खोली वाटाण्यांची. उणे अठरा.
"पाचच मिनिटं हां," आणि दार लागलं.

थंडी समोरून आली नाही.
आधी तळव्यांतून, फरशीवर उभी आहे हे विसरायला लावत,
मग नाकाच्या शेंड्याला,
मग डाव्या खांद्यातून, बारीक, सरळ, सुईसारखी.
तिथं टीप उसवली होती.
उन्हात माझ्या नजरेतून सुटली,
तिला बरोबर सापडली.
बोटं मोजायला घेतली, चौथ्यावर अडकले.
आणि माझा श्वास मला दिसला,
त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा,
पांढरा, जरा बिचकलेला,
वाटाण्यांच्या पोत्यांकडं जाऊन विरला.
अजून एकदा सोडला, मुद्दाम.
मग अजून एकदा.

दाजींनी दार ठोकलं तेव्हा
मला आणखी दोन मिनिटं हवी होती.
बाहेर चष्म्यावर धुकं, अंगावर पुण्याचं ऊन,
आणि हातात एक सफरचंद, डागी होतं म्हणून.
बसस्टॉपवर खाल्लं, जॅकेट न काढता.
लोक बघत होते. बघू देत.

रात्री खांदा शिवला.
निळा दोरा संपलेला,
पैठणीच्या फॉलचा जांभळा होता, तोच दुहेरी घेतला.

बुधवारी परत ताहेरभाई.
"काय ताई, गार लागलं?"
"डाव्या खांद्याला."
त्याला वाटलं मी थट्टा करतेय.
थर्मलचे पैसे नव्हतेच,
दोन परकर एकावर एक घालीन म्हटलं.
हातमोजे मात्र हवेत, बोटांचं मी पाहिलंय.
त्यानं गोणी उपसली, रेक्झिनचे दोन निघाले, आतून मऊ लव,
दोन्ही डाव्या हाताचे.
"जोड नाही, ताई. राहू द्या."
मी साठ रुपये ठेवले.
उलटून घातला की डावा उजवा होतो,
हे शिवणाऱ्या बाईला कोणी सांगावं?
एकाची लव आत,
एकाची बाहेर.