पाच मिनिटं

स्वयंपाकघरात झाडूचे दांडे मांडलेत
टोमॅटोच्या रिकाम्या डब्यांवर, वीतभर उंच.
"चल," इंगेब्योर्ग म्हणते, आणि स्कारे चालते
एकेक पाय उचलून,
पंगतीतल्या ताटांमधून वाट काढावी तशी.

नोव्हेंबरात, नदीच्या वळणावर
बर्फाची साय फुटली
आणि पुढचा डावा पाय आत गेला, पार खांद्यापर्यंत.
मागचे अकरा जण ओढतच होते.
"कंडरा ताणलीय, तुटली नाही," अल्टाची डॉक्टर म्हणाली.
"तुटली असती तर हिला कळलं तरी असतं.
आता हिला कोण समजावणार?"

तीन आठवडे पिंजरा.
मग पाच मिनिटं, पट्ट्यावर, सपाट जागी.
मग सात. मग सुजली, म्हणून पुन्हा पाच.
फ्रिजवर कागद लावलाय,
त्यात 'धावणं' हा शब्द कुठेच नाही.

रविवारी शिवणाची टेप:
उजवा दंड एकवीस, डावा साडेएकोणीस.
पुढल्या रविवारी डावा साडेएकोणीस.
त्याच्या पुढल्या रविवारी
इंगेब्योर्ग टेप जराशी सैल धरते,
मग स्वतःवरच खेकसून पुन्हा मोजते.

गरम टॉवेल. पंजा तळहातावर.
खांदा पुढे, खांदा मागे, दहा वेळा,
बिजागरीला तेल घालून
दार हळूच लोटून पाहावं तसं.

बाहेर अंधारात तुरलाइफ गाडी जोडतोय.
कड्या वाजतात आणि अकरा गळ्यांचा कल्लोळ उठतो,
काच थरथरते.
स्कारे दांड्यांच्या मधोमध उभी,
कान दाराकडे, पाठीवरचे केस ताठ.
दुखणं-बिखणं काही नाही,
दार बंद आहे एवढंच तिचं दुखणं.

मग एकदम शांत. निघाले.
गाडी सुटली की कुत्री भुंकत नाहीत,
हे इंगेब्योर्गला चाळीस वर्षं ठाऊक.
पण ती नेहमी गाडीवर असायची.
मागे उरणाऱ्या शांततेत
ती कधी उभी राहिली नव्हती.

"चल," ती म्हणते. आवाज जरा घोगरा.
स्कारे तिच्याकडे बघते, बराच वेळ,
आणि डावा पाय उचलते.
चौथा दांडा पडतो,
डबा घरंगळत चुलीखाली जातो.
इंगेब्योर्ग गुडघे टेकून हात घालते,
कानापाशी गरम श्वास, मिशांची गुदगुली.
"हो गं," ती चुलीखालूनच म्हणते,
"अजून दोन मिनिटं आहेत."