उकार

रात्री साडेअकराला चेअरमन लुमाण्णा हलगेकर
तोच करार तिसऱ्यांदा वाचायला उभे राहिले.
मी वही उघडून बसलो होतो,
उजव्या पानावर मराठी, डाव्या पानावर कन्नड,
मध्ये शिवणीचा दोरा, तोही सैल.

दोन वर्षांमागं मतदान झालं होतं.
दूध संघातून बाहेर पडायचं: एकशे बारा.
राहायचं: एकशे पाच.
सात मतांनी गाव बाहेर पडलं
आणि तेव्हापासून उंबऱ्यातच उभं आहे,
एक चप्पल पायात, एक हातात.

करार असा:
थंड करायची टाकी संघाची. इथंच राहील, भाडं आपण द्यायचं.
कॅन आपले, झाकणं त्यांची.
दिवाळीच्या बोनसबद्दल पुढं बोलू.
'झाकणाबिगर कॅन घिऊन काय करू गा?'
शट्टुप्पा बाकावरनं उठून ओरडला.
मागनं कुणीतरी म्हणालं, 'डोस्क्यावर घाल.'
सगळे हसले,
तेवढ्यापुरती सभा एका बाजूला आली.

हात वर करा.
हा करार? अठ्ठेचाळीस. पडला.
कराराविनाच निघायचं? एकेचाळीस. पडला.
निघायचंच नाही? सत्तावन्न. तोही पडला, दोन हातांनी,
त्यातला एक हात जांभई झाकायला वर गेला होता
असं शट्टुप्पाचं म्हणणं.
मग ओमाण्णा मास्तर म्हणाले,
काहीच ठरत नाही, असा तरी ठराव करू.
त्यावर हरकत आली. शब्दरचनेला.

मी लिहीत होतो.
आमच्या भागातल्या कन्नडमध्येही ठरावाला ठरावुच म्हणतात,
एका उकाराचा फरक.
तो एवढा उकार ओलांडायला
मला सातवीचं अख्खं वर्ष लागलं, आणि हाताला छड्या.
दूध म्हणजे हालु.
डाव्या पानावरनं उजव्या पानावर येताना
शेवटचा उकार सांडला की नुसते हाल.
याच्यात माझा दोष नाही,
मी नक्कल उतरवणारा माणूस.

संघाचं पत्र टेबलावर होतं, उडू नये म्हणून वर तराजूचं वजन:
एकतीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत सही न झाल्यास
एक तारखेपासून टँकर येणार नाही.
बाराला पाच कमी असताना
मास्तर स्टुलावर चढले
आणि भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागं केलं.
कुणीच हरकत घेतली नाही.
त्या रात्रीचा बिनविरोध ठराव तेवढाच,
तो वहीत नाही.

नंतर चहा आला, बिनदुधाचा,
पातेलं कुणी घरनं आणायचं यावर एकमत झालं नव्हतं.
सभा तहकूब, मी उजवीकडं लिहिलं.
डावीकडं लिहायला गेलो तर पेन अडखळलं,
दोरा तिथंच सुटला होता.

पहाटे म्हशींनी मुदत पाळली.
पाचला रांगेत पहिली गंगव्वा,
दोन्ही वेळा राहायच्या बाजूनं हात वर केलेली.
'पावतीवर नाव कुणाचं घालूलालासा? त्येंचं, का आपलं?'
मी लॅक्टोमीटर सोडला.
तो दुधात वर-खाली झाला, आणि मग थांबला,
तसं काही थांबताना मी दोन वर्षांत पहिल्यांदा बघत होतो.
फॅट सहा पूर्णांक दोन.
तेवढं लिहिलं. वरची ओळ कोरी सोडली.

वळणावर कुठलीतरी गाडी गिअर बदलत होती.
टँकर, की पहिली बस, आणि बस तरी कुठल्या राज्याची,
आवाजावरनं कळेना.
रांग मान वळवून उभी राहिली.

गंगव्वानं रिकामा कॅन काखेला मारला
आणि झाकण माझ्या टेबलावर ठेवलं, पालथं.
'त्येंचं हाय न्हवं,' म्हणाली,
'आले तर दे.'