उन्हाळ्याचं मेण

पहाटे पाचला उणे सहा.
शर्यत साडेदहाला, तोवर शून्य होईल म्हणतात.
म्हणतात.

मी आता धावत नाही. घोटा मोडला त्या वर्षापासून
या पत्र्याच्या खोलीत माझा मुक्काम:
इस्त्री, खरवडायची पट्टी, तांब्याच्या तारांचा ब्रश,
आणि बाकांवर पोटं वर करून निजलेल्या
चौदा स्की.
बाहेर सुपीरियर सरोवर काठाकाठानं तडकतंय,
वरच्या मजल्यावर कुणी रात्रभर कपाट सरकवत असावं
तसा आवाज.

कोच रौटिओ मूठभर बर्फ उचलतो, दाबतो, उघडतो.
साखरेसारखा सांडतो.
याचा बाप तांब्याच्या खाणीतून सुटला की
पायांना फळ्या बांधून याच रानातून घरी जायचा.
याच्या तळहाताला जे कळतं
ते मला कळायला अजून तीस हिवाळे लागतील.
आणि तो मला म्हणतो, "तू ठरव."

मी क्लिस्टर ठरवलं.
काकवीसारखं, ट्यूबमधून ओघळणारं,
बोटांना, बाहीला, कॉफीच्या मगाला लागणारं.
गोठून काच झालेल्या जुन्या बर्फावर त्याला तोड नाही.
अट एकच, नवा बर्फ पडता कामा नये.

साडेदहाला बंदूक वाजली.
दहा एकेचाळीसला पहिला कण माझ्या पापणीवर बसला.

आभाळाला शिव्या देऊन होतात लवकर.
मग माणूस स्वतःकडे वळतो.

दुसऱ्या फेरीत, स्प्रूसच्या वळणावर,
आउने आली ती चालतच.
पायांखाली बर्फाच्या ढेपा, चांगल्या चार बोटं उंच.
चार वर्षं हिच्या पाठीवर आमच्या कॉलेजचं नाव,
ही शेवटची वीस किलोमीटर,
आणि खडावा घातल्यासारखी खटखटत येतेय.
नियम असा की पट्टी हातात देता येते,
स्कीला हात लावता येत नाही.
मी पट्टी पुढे केली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
एक स्की काढली, खरवडली. मग दुसरी.
बाजूनं नऊजणी गेल्या, मी मोजल्या;
नववी ओरडली, "चल, आउने!"
तीही परक्या कॉलेजची.
माझे हात पाठीमागे एकमेकांना धरून,
वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे.

चौतिसावी आली.
रेषेपलीकडे सगळ्याच कोसळतात, तीही कोसळली,
कुशीवर, ओठांवर मिठाचा आणि बर्फाचा पापुद्रा.
मी तिच्या स्की सोडवायला वाकलो.
आता हात लावायची मुभा होती.
"पहिल्या फेरीत," ती म्हणाली, "चढावर काय धरत होतं रे!
भिंतीवर चढले असते."
एवढंच.
बाकीचं तिनं गरम सूपाबरोबर गिळलं असेल.

रविवारी स्केटिंगची शर्यत.
त्यात पायाखाली चिकट काही लागतच नाही,
म्हणजे माझी चूक व्हायलाही जागा नाही.
थेआ आठवी आली.
बक्षिसातलं चीज तिनं व्हॅनमध्ये सगळ्यांना वाटलं,
खिशातल्या चाकूनं, वाकडेतिकडे तुकडे.
आउने काचेला कपाळ टेकून झोपली होती,
शनिवारचं बिब कोटाच्या आत, तसंच.
तिचा तुकडा मी रुमालात बांधून ठेवला
आणि मार्केटच्या थांब्यावर विसरून स्वतःच खाल्ला.

सोमवारी खोलीत मी एकटा.
मोसम संपला की स्कीच्या पोटावर मेणाचा जाड थर देतात
आणि खरवडत नाहीत.
तसाच राहू देतात,
उन्हाळाभर पोट कोरडं पडू नये म्हणून.
आउनेची जोडी कॉलेजची.
नोव्हेंबरात कुणा नव्या पोरीच्या उंचीला बसेल.
डाव्या स्कीवर एक ओरखडा,
घाईत पट्टीचा कोपरा लागलेला.
भरून काढता येतो तसा, वीस मिनिटांचं काम.
मी वरून इस्त्री फिरवली. मेण पातळ झालं,
ओरखड्यात उतरलं, थिजता थिजता धुरकटलं.

बाहेर छपरावरून पाणी धावतंय.
खिडकीतला थर्मामीटर: अधिक सात.
मी सवयीनं वहीत लिहून ठेवलं.