मागच्या दाराची शाळा

शताब्दीच्या पुस्तिकेसाठी
फादर फेरान्ते म्हणाले, इतिहास तुम्हीच लिहा,
एकोणतीस वर्षं ऑफिसात काढलीत.
दोन पानं पुरेत.
त्यातलं दीड पान बिशपांच्या फोटोला.

तर: नदीकाठी कापडगिरण्या,
टेकडीवर मालकांची घरं,
आणि टेकडीवरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात
लुक्काहून बोटीनं आलेली एकेक बाई.
शाळा उभी राहिली ती ह्यांच्या पैशावर.
बॉयलरच्या मागे वही सापडली मला,
ओल पिऊन पावासारखी फुगलेली.
नावांपुढे आडनावं नाहीत, घरं आहेत:
आस्सुंता, डॉक्टर व्हीलरांकडची. पंचवीस सेंट.
जेम्मा, न्यायाधीशांकडची. दहा; बाकी पुढच्या रविवारी.
आर्जिया, सध्या काम नाही. एक अंडं.

अंड्याचं पुढे काय झालं, नोंद नाही.

संतही त्यांनीच निवडली.
तेव्हाच्या फादरांना तलवारवाला कुणी हवा होता.
बायका म्हणाल्या, झीटा.
बाराव्या वर्षी एका घरी कामाला लागली,
मरेपर्यंत त्याच घरची भांडी घासली.
तिला काही समजावून सांगावं लागत नाही.

जिन्यापाशी तिची प्लास्टरची मूर्ती आहे,
नाकाचा टवका उडालेला,
एप्रनच्या ओच्यात फुलं.
गोष्ट इथे सगळ्यांना पाठ:
गरिबांसाठी पाव लपवून नेत होती,
मालकानं हटकलं, दाखव काय आहे,
ओचा सोडला तर
नुसती फुलं.

तिसरीतल्या ऑव्हिला पिकारनं एकदा विचारलं,
"मग गरिबांनी खाल्लं काय?"
वर्ग चिडीचूप.
सिस्टर लिओकाडिया बोटांवरचा खडू पुसत राहिली,
खूप वेळ.
मग म्हणाली, "मालकाची पाठ वळली,
की परत पाव झाले. बस खाली."

हे कुठल्याच पोथीत नाही. मी शोधलं.

हरवलेल्या किल्ल्याही झीटाच शोधून देते म्हणतात.
सापडलेल्या किल्ल्या मुलं तिच्या मनगटात अडकवतात:
सायकलची, लॉकरची,
एक व्हायोलिनच्या पेटीची, जिचा व्हायोलिन
दुसऱ्या गावी राहायला गेला.
फायर इन्स्पेक्टर दरवर्षी विचारतो, ह्यातली
मागच्या दाराची कोणती?
मागच्या दाराला कुलूप कधी नव्हतंच.

पुस्तिकेची प्रुफं आली. बिशप हसताहेत.
बायकांची नावं मी शेवटच्या पानावर घातली,
बारीक टाइपात, सगळी एक्केचाळीस,
बेकरी आणि फ्यूनरल होमच्या मधोमध.
अंड्यासकट.
फादरांनी चष्मा कपाळावर ढकलला,
"ह्या जाहिराती ना?"
मी म्हटलं, हो फादर, जाहिराती.

त्यांनी सही केली,
आणि पाठ वळवली.