वाढत्या अंगाचं

नेदरटनला कालव्यामागे, भाड्याच्या गॅरेजात
उभी आहे माझी मर्सिडीज,
दोन दारांची, चोवीस वर्षांची.
लिलावात बाराशे पौंडांना घेतली तेव्हा
कातडी सीटांना कुणाच्यातरी चिरुटांचा वास होता,
खिडक्या अजून न कुरकुरता उतरायच्या.
तनखा बंद झालेला संस्थानिक जसा
इस्त्रीचा सदरा मात्र सोडत नाही.

तिला रुंद करायचं होतं.
कामावर विचारलं, का?
हौस, मी म्हटलं, आणि मग इंग्रजीत सांगत बसले.
तो शब्द तिथे नीट बसत नाही,
चार मिलिमीटरची फट राहतेच.

किट शोधण्यात दोन हिवाळे गेले.
ज्यांनी केलं त्यांनी साचे केव्हाच मोडले होते.
लीड्सच्या एकाने फोटो दाखवले, आगाऊ पैसे घेतले,
मग त्याचा फोन लागेना.
डर्बीत मिळालं ते दुसऱ्याच मॉडेलचं.
शेवटी लानेलीच्या ग्लेनिसबाई.
नवऱ्याने हौसेने आणलेलं (त्यालाही तीच),
कोंबड्यांच्या शेडमध्ये सोळा वर्षं पडून.
आधी गाडी विकली गेली, मग तो गेला.
सहा तुकडे शेडमध्ये. सातवा
जिरेनियमच्या वाफ्याला कड म्हणून पुरलेला.
तिने तो उपसला, नळाखाली धरला,
पोराचं तोंड धुवावं तसा धुतला,
म्हणाली, बसवलंस की फोटो पाठव.

फायबर नुसतं वरून लावून भागत नाही.
आतली मूळ कमान कापावी लागते.
टॉलीने ग्राइंडर माझ्या हातात दिला.
साखळ्यांच्या कारखान्यात वेल्डिंग शिकलेला म्हातारा,
बोलतो असं की लंडनमध्येही त्याला दुभाषी लागेल.
तुझी गाडी, तू काप.
कापायचा होता पत्रा,
कापत होते हात.

गडहिंग्लजला अण्णांच्या दुकानात
मी मशीनखाली बसून गृहपाठ करायचे.
अंगाने सुटलेलं गिऱ्हाईक जुनी पँट घेऊन यायचं.
अण्णा उसवायचे, आणि आत दुमडलेलं
दोन बोटं कापड बाहेर यायचं,
न विटलेलं, दुकानातून आणलं त्या दिवशीचं.
त्याला माया म्हणतात.
कापडाला असते. पत्र्याला कुठली?

ठिणग्या. जळक्या रंगाचा घाणेरडा वास.
आणि पत्र्याच्या दोन पदरांमध्ये
चोवीस वर्षं कुणीच न पाहिलेला
मूळ निळा.

थांब! टॉली ओरडला. सगळं नको.
इंचभर ठेव. त्याला चिरा पाडू, वर दुमडू,
आतल्या पदराला जोडू,
नाहीतर पाणी शिरून सडेल.

आमच्यात याला माया म्हणतात, मी म्हटलं.
मायर?
हो, तेच.

डावी मागची अजून बसत नाही.
पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी.
वाफ्यातल्या तुकड्याला बाक आलाय,
फुलांच्या बाजूला.
रंग व्हायचाय. सगळीकडे करडा प्रायमर.
रुंद चाकं पैसे साठल्यावर.
तोवर त्या थोराड कमानींमध्ये जुनीच चाकं,
जूनमध्ये शाळेत निघालेल्या पोरीचे पाय
ढगळ फ्रॉकखाली दिसतात तशी.

माप घेताना अण्णा आईला विचारायचे नाहीत.
वहीत माझ्या नावापुढे आपणच लिहायचे:
वाढत्या अंगाचं.

ग्लेनिसला फोटो पाठवला.
रात्री उशिरा तिचं उत्तर आलं:
चाकं किडकिडीत दिसतात गं.

हो, मी लिहिलं,
भरेल अंगाने.